विषय क्रमांक चार

वळसंगच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर ग्रामसभेची नोटीस लागली. विषय चार होते. मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणं, पाणीपट्टीची थकबाकी, घरकुलांची यादी आणि चौथा असा: 'मौजे वळसंग येथील गायरानातील जमीन परदेशी नागरिकांच्या स्थानबद्धता केंद्रासाठी देण्याबाबत ग्रामस्थांचे म्हणणे घेणे.'

अशी नोटीस वळसंगला कधी लागलेली नाही. ही सभा आणि तिच्यातली माणसं मी रचली आहेत. पण ती माणसं ज्या जुन्या गोष्टी सांगतात, त्या घडलेल्या आहेत, आणि त्यातली सर्वांत महत्त्वाची तर वळसंगपासून वीसेक किलोमीटरवर सोलापुरात घडली. अक्कलकोट रस्त्यावरच्या, निम्मं मराठी आणि निम्मं कानडी बोलणाऱ्या या गावात गोष्ट नेऊन ठेवायचं कारण तेच आहे.

आणि असा प्रश्न कुठल्याही गावापुढे उद्या येऊ शकतो. आसामात गोलपाडा जिल्ह्यात मटियाला तीन हजार माणसं मावतील असं केंद्र बांधलं गेलं आणि २०२३ पासून तिथे परदेशी ठरवलेली माणसं ठेवायला सुरुवात झाली. त्याआधी त्यांना जिल्ह्यांच्या तुरुंगांतच ठेवत असत. आपल्याकडे २०१९ मध्ये राज्याच्या गृहखात्याने नेरूळ भागात अशा केंद्रासाठी सिडकोकडे जागा मागितली. वर्ष संपता संपता तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी राज्यात अशा छावण्या होऊ देणार नाही, असं सांगितलं. भारताने निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही आणि आश्रय मागायला आलेल्यांसाठी आपल्याकडे वेगळा कायदाही नाही. त्यामुळे व्हिसा संपूनही राहिलेला माणूस आणि जीव वाचवायला पळून आलेला माणूस, दोघेही कायद्याच्या लेखी नुसते परदेशी. दोघांना एकाच दारातून आत घेता येतं.

तर वळसंगची सभा.

एरवी ग्रामसभेला कोरम जमवताना ग्रामसेवकाच्या तोंडाला फेस येतो. मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर माणसं, यातला जो आकडा कमी असेल तेवढी तरी यावी लागतात. त्या दिवशी शंभराच्या कितीतरी वर माणसं आली. शाळेच्या पटांगणात मंडप घातला होता. सरपंचताई मधे, शेजारी तालुक्याहून आलेले साहेब, आणि टेबलाच्या टोकाला इतिवृत्ताची वही उघडून ग्रामसेवक. पहिले तीन विषय पाऊण तासात उरकले.

साहेब उठले. माणूस सज्जन होता. त्यांनी नकाशा दोरीवर क्लिपा लावून टांगला आणि शांतपणे सांगितलं, "शासन तुमच्यावर काही लादत नाही. तुमचं म्हणणं ऐकायलाच मी आलोय. हरकत असेल तर हरकत सांगा, नसेल तर ना-हरकतीचा ठराव द्या. आता केंद्रात काय असेल ते ऐका. चोवीस तास पाणी. दवाखाना. बायकांसाठी वेगळी इमारत. लहान मुलं असतील तर त्यांना शाळा. दोन वेळचं जेवण. भिंत उंच असेल, वर तार असेल, पोलीस असतील. गावाला कसलाही त्रास होणार नाही याची पुरेपूर काळजी घेतलीय."

मागून एक पोरगा उभा राहिला. "साहेब, पण कोण येलालंय ते तरी सांगा की. कुठले लोक, काय करून आलेले? आमच्या आया-बहिणी त्याच रस्त्यानं शेताला जातात."

"यादी आत्ताच सांगता येणार नाही," साहेब म्हणाले. "पण ती माणसं बाहेर येणारच नाहीत. भिंत त्यासाठीच आहे."

पोरगा बसला, पण त्याच्या आजूबाजूची कुजबुज थांबली नाही. गायरान गेलं तर शेरडं कुठं चारायची, हे एकाने विचारलं. दुसऱ्याने जमिनीचे भाव पडतील म्हटलं. एका बाईने विचारलं, गावातल्या नळाला आठवड्यातून किती वेळा पाणी येतं ते साहेबांना ठाऊक आहे का, आणि केंद्राला चोवीस तास पाणी कुठून देणार? या प्रश्नावर सगळ्यात मोठ्या टाळ्या पडल्या. ग्रामसेवक लिहीत होता: हरकत एक, हरकत दोन, हरकत तीन.

मग भुसार दुकानवाले शेठ उठले. त्यांचं म्हणणं अगदी वेगळं होतं. होटगीच्या पलीकडे फताटेवाडीला एनटीपीसीचा १,३२० मेगावॉटचा वीजप्रकल्प आला, तेव्हा रस्ते तिकडे झाले, गाळे तिकडे निघाले. वळसंगच्या वाट्याला काय आलं? आता इथे काही येतंय तर किराणा, दूध, भाजी गावातूनच घ्यायची अशी अट घाला आणि ना-हरकत देऊन टाका. त्यांचा भाचा ऑस्ट्रेलियात अॅडलेडला असतो. त्याने फोनवर सांगितलं होतं की तिथल्या डोंगरात वुडसाइड म्हणून गाव आहे, त्याच्या शेजारी इनव्हरब्रॅकीला २०१० साली सरकारने लष्कराच्या जुन्या घरांत आश्रय मागणाऱ्या कुटुंबांना ठेवायचं जाहीर केलं. जाहीर आधी केलं, सभा नंतर घेतली. लोक भयंकर चिडले होते. शाळेचं काय, दवाखान्याचं काय, घरांच्या किमतीचं काय. "आणि झालं काय?" शेठ म्हणाले. "काही नाही. केंद्र सुरू झालं, चार वर्षं चाललं, २०१४ ला बंद झालं. गाव आहे तिथंच आहे."

"त्या सभेत आतल्यांपैकी कोणी बोललं होतं का हो?" पुढच्या रांगेतून निवृत्त गुरुजींनी विचारलं.

"आतले कुठले गुरुजी? सभा झाली तेव्हा आत कुणी नव्हतंच की."

गुरुजींनी मान हलवली. ते उठले तेव्हा सभा जरा गप्प झाली. मंडपातल्या निम्म्या लोकांना त्यांनी पाढे शिकवले होते.

गुरुजींना ठराव मंजूर व्हावा असं मनापासून वाटत होतं, आणि त्यामागे शेठसारखा हिशेब नव्हता. त्यांनी वळिवड्याची गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धात रशियाने पोलंडच्या लाखो माणसांना सैबेरियाकडे हाकलून नेलं होतं. त्यातली जगली-वाचलेली काही, बहुतेक बायका आणि पोरं, इराणमार्गे हिंदुस्थानात आली. कोल्हापूरजवळ वळिवड्याला पंचगंगेकाठी त्यांच्यासाठी छावणी उभी राहिली. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहत होती. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं व्हायची, पोरांची स्काउटची पथकं होती. ती माणसं गेली आणि त्याच जागी फाळणीत घरदार सोडून आलेले सिंधी आले. त्याचंच आज गांधीनगर झालंय. "आपल्या भागातले व्यापारी कापड आणायला गांधीनगरला जातात ना, ती छावणीची जागा आहे. पोलंडची ती पोरं म्हातारी झाल्यावर २०१९ मध्ये परत कोल्हापूर बघायला आली. पाणी डोळ्यांत घेऊन आली. आपल्या गावाचं नावही असं कुणाच्या तोंडी राहावं असं मला वाटतं. विस्थापित माणसाला जागा नाकारू नये. मी ना-हरकतीच्या बाजूचा आहे."

बोलणं चांगलं होतं आणि मनापासून होतं. साहेबांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. ग्रामसेवकाने लिहिलं: अनुकूल मत दोन.

बायकांच्या बाजूला, खांबाला टेकून, आव्वा बसली होती. गावात तिला सगळे आव्वाच म्हणतात. वय ऐंशीच्या पुढे. अजून विड्या वळते. पूर्वी दिवसाला हजार वळायची, आता हात थरथरतो म्हणून तीनशे-चारशेवर थांबते. सभेलाही मांडीवर सूप घेऊनच आली होती. ती बसल्या जागेवरून बोलली, पण आवाज खणखणीत होता.

"गुरुजी, वळिवड्याला कुलूप होतं का?"

गुरुजींनी क्षणभर विचार केला. "तसं नव्हतं आव्वा. नियम होते. पण बायका कोल्हापूरला बाजाराला जायच्या. गावातले लोक छावणीत भाजी, दूध विकायला जायचे."

"मग ती गोष्ट इथं लागू नाही," आव्वा म्हणाली. "ह्या साहेबांनी सांगितलेली जागा मला ठाऊक हाय. मी तिथं जन्मलेय."

साहेबांना काही कळेना. गावातल्या जुन्या माणसांना कळलं.

सोलापुरात सेटलमेंट नावाचा भाग आहे. आज तिथे वस्त्या आहेत, शाळा आहेत, रिक्षावाल्याला 'सेटलमेंट' म्हटलं की तो बरोबर सोडतो. तिथे रोज जाणाऱ्या-येणाऱ्या कितीजणांना ठाऊक असेल की तो भाग काटेरी तारेच्या कुंपणात होता, हे मला सांगता येत नाही. पण प्रत्येक सोलापूरकराला ते ठाऊक असायला हवं, असं मला फार वाटतं. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये कायदा करून काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. १९११ नंतर तो मुंबई इलाख्यातही लागू झाला, १९२४ मध्ये आणखी पक्का झाला. कैकाडी, टकारी, भामटा, पारधी, कंजारभाट अशा कितीतरी जमातींची माणसं, त्यांनी कधी काही केलेलं असो वा नसो, कुंपणात आणून ठेवली गेली. हजेरी द्यायची. बाहेर जायचं तर पास घ्यायचा. मुंबई इलाख्यातल्या अशा वसाहतींत सोलापूरची मोठी होती, कारण सोलापुरात गिरण्या होत्या आणि गिरण्यांना हात हवे होते. काही काळ अमेरिकन मराठी मिशनने तिथला कारभार बघितला. शाळा काढल्या. सुधारणा करतोय, असं ते मानत होते, आणि त्यांच्यातल्या कित्येकांचा हेतू खरोखर चांगला असेल. देश स्वतंत्र झाल्यावर मुंबई प्रांताने तो कायदा काढला आणि ३१ ऑगस्ट १९५२ ला तो सगळ्या देशातून गेला. विमुक्त जमाती म्हणून या माणसांची ओळख त्या दिवसापासूनची.

आव्वा त्यातल्याच एका कैकाडी घरातली. लग्न होऊन वळसंगला आली तेव्हा सासरच्यांनी तिला बजावलं होतं, तारेतली आहेस हे गावात बोलू नकोस. साठ वर्षं ती बोलली नाही.

"साहेब, तुम्ही आत्ता वाचलं ना, पाणी, दवाखाना, शाळा," ती म्हणाली. "आमच्यात पण सगळं होतं. घर होतं. गिरणीत काम होतं. माझी आई पाळीवरनं यायची अन् हजेरीला उभी राहायची. पाय सुजलेले असायचे तरी उभी. नाव पुकारलं की 'हाय' म्हणायचं. मला पण शिकवलं होतं, नाव आलं की 'हाय' म्हण. दुसरं काही बोलू नको. माझ्या मावशीचं लेकरू गेलं, बार्शीकडं. आईनं पास मागितला. पास मिळाला, मिळाला नाही असं नाही. दोन दिवसांनी मिळाला."

मंडपात कुणी हललं नाही.

"शहराला विचारलं असंल तेव्हा. इथं तार घालू का, चालंल का तुम्हाला? गिरणीवाल्यांना विचारलं असंल, किती माणूस लागंल? तुमच्यासारखाच कुणी भला साहेब नकाशा घेऊन आला असंल. लोक म्हणाले असतील, आमच्या आया-बहिणींचं काय? साहेब म्हणाला असंल, भिऊ नका, ती बाहेर येणारच नाहीत." मागच्या पोराकडे तिने वळून पाहिलं. "बाळ, तुझ्यावर रागावत नाही रे. ज्यांना भ्यायचे ती मीच होते, एवढंच सांगते. तारेच्या अलीकडचे लोक माझ्याबद्दल, तू जे बोललास तेच बोलत होते."

सरपंचताईंनी विचारलं, "आव्वा, मग तुमची हरकत लिहायची का?"

"हरकत लिहू नको."

"मग ना-हरकत?"

"ती पण नको. हरकत लिहिली तर हे उचलून दुसऱ्या गावात नेतील. ना-हरकत लिहिली तर इथं घालतील. दोन्हीत आतल्याचं काय झालं? माझं म्हणणं येगळं हाय, ते लिहा. एक, आत कोण येणार. त्यांनी गुन्हा केलाय का नुसता परका देश गाठलाय. दोन, किती दिवस. तारीख सांगा. आमच्या आईला कुणी तारीख सांगितली नव्हती. तीन, आतल्या बाईला बाहेर यायचं असंल तर तिनं कुणाकडं जायचं, अन् तो नाही म्हणाला तर पुढं कुणाकडं. अन् चार, त्यांना विचारलं का? आत्ता नसतील ती इथं. पण असली माणसं आसामात हायेत म्हणतात, तुरुंगातनं आणलेली हायेत म्हणतात. त्यांच्यातलं एक माणूस आणा ह्या मंडपात. ते बोलू दे. मग मी हात वर करायचा का नाही ते ठरवते."

साहेबांनी नम्रपणे सांगितलं की नमुन्यात दोनच रकाने आहेत आणि हे प्रश्न जागेशी संबंधित नाहीत. चर्चा जागेपुरती ठेवायची आहे.

इथे मला गोष्ट थांबवून एक सांगायचं आहे. साहेबांचं बोलणं नियमाला धरून होतं, आणि जगभर अशी विचारपूस साधारण याच पद्धतीने होते. शेजाऱ्यांना बोलावतात, जागेचा नकाशा दाखवतात, त्रास, रस्ता, पाणी, भाव यांची यादी करतात. शेजाऱ्यांना विचारायलाच हवं; न विचारता घातलेल्या गोष्टींचे घाव आपल्या गावांनी खूप सोसले आहेत. पण शेजाऱ्यांची हरकत जितकी जोरकस, तितकी भिंत उंच होते आणि ती जागा वस्तीपासून लांब जाते. गावाला सुरक्षित वाटावं म्हणून जे जे वाढवलं जातं, ते ते आतल्या माणसाच्या वाट्याला येतं. वळिवड्याच्या लोकांना १९४३ मध्ये कोणी ग्रामसभा घेऊन विचारलं नव्हतं. पण छावणीतून माणसं बाजारात येत होती, भाजीचा भाव करत होती, म्हणून गावाला आणि छावणीला एकमेकांना विचारता येत होतं. एकदाच नाही, रोज. कुलूप असलं की पहिल्या सभेनंतर असं विचारणं संपतं.

तिकडे मंडपात शेठ म्हणाले, "आव्वा, आपण गरीब गाव. एवढं मोठं आपण कशाला बघायचं? जागा द्यायची का नाही एवढंच आपल्या हातात."

आव्वा म्हणाली, "शेठ, कुंभारी आपल्या वाटेवरच हाय. तिथं विडी कामगार बायकांची दहा हजार घरं झाली, २००६ ला. माझी लेक तिथं राहते. त्या घरांसाठी कामगार पुढारी आडम मास्तरांबरोबर बायका किती वर्षं रस्त्यावर होत्या ते तुम्ही बघितलंय. गरीबच होत्या की. घर किती मोठं पाहिजे, संडास आत पाहिजे का बाहेर, हे ज्यांना राहायचं त्याच बोलल्या. पुढं रे नगरचा तीस हजार घरांचा प्रकल्प पण तसाच मागून आला. राहणाऱ्याला विचारून घर बांधता येतं, हे आपल्या रस्त्यावरच दिसतंय. ते मोठं कुठं हाय?"

मग बुद्धविहाराच्या बाजूने एक म्हातारे आजोबा काठी टेकत उठले. ते म्हणाले, "सूचक आव्वा. अनुमोदक मी." आणि कारण सांगितलं. वळसंगच्या विहिरीची गोष्ट सगळ्या सोलापूर जिल्ह्याला माहीत आहे. गावच्या पाण्यावर महारवाड्याला जाऊ देत नव्हते, म्हणून त्यांच्या वाडवडिलांनी आपल्या हातांनी आपली विहीर खणली, आणि बाबासाहेब आंबेडकर वळसंगला आले तेव्हा त्यांनी तिचं पाणी शेंदलं. "गावच्या विहिरीवर कुणी यायचं, हे गावानं पंचायत बसवूनच ठरवलं होतं," आजोबा म्हणाले. "पंचायत बसली नव्हती असं नाही. आम्ही तिच्यात नव्हतो. गाव बसलं म्हणजे सगळे बसले, असं होत नाही. आव्वा म्हणते ते लिहा."

ग्रामसेवक अडचणीत सापडला. त्याने वहीत तीन हरकती लिहिल्या होत्या, दोन अनुकूल मतं लिहिली होती. आता हे म्हणणं कुठे घालायचं? त्याने सरपंचताईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "खाली जागा आहे ना? रकान्याच्या खाली लिहा. आव्वा बोलल्या तसं, त्यांच्याच शब्दांत."

त्याने लिहिलं. चार प्रश्न, त्याखाली सूचक, अनुमोदक, आणि शेवटी: या प्रश्नांची लेखी उत्तरं येईपर्यंत विषय क्रमांक चार तहकूब. हात वर झाले. सगळे नाही झाले. शेठचा झाला नाही. गुरुजींचा बराच वेळ झाला नाही, मग झाला. मागच्या पोराने हात वर केला आणि खाली न घेता तसाच धरून ठेवला, कारण मोजणी दोनदा करावी लागली.

तहकुबीत एक धोका असतो आणि तो शेठना बरोबर ठाऊक होता. तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा तिला कोरम लागत नाही. कामाच्या दिवशी, भर दुपारी, दहा-पंधरा माणसांत सभा घेऊन ना-हरकत देता येते, आणि कागदावर ती गावाचीच ठरते. पंधरा दिवसांनी अशी सभा लागलीच. तुरीची काढणी चालू होती. पण त्या दुपारी विडी कारखान्यातून पानं आणायला गेलेल्या बायका परत येताना थेट पटांगणात आल्या आणि सुपं घेऊन बसल्या. विड्या वळत बसल्या. त्यांना घरी जायची घाई नव्हती. उत्तरं आली का, एवढंच त्यांनी विचारलं. उत्तरं आली नव्हती. विषय पुन्हा तहकूब झाला.

दोन महिन्यांनी तालुक्याहून पत्र आलं. उपस्थित केलेले प्रश्न या कार्यालयाच्या कक्षेत येत नाहीत. मौजे वळसंग येथील जागेचा विचार रद्द करण्यात येत आहे. पर्यायी जागेबाबत कार्यवाही सुरू आहे.

त्या संध्याकाळी पारावर पेढे वाटले गेले. मागच्या रांगेतल्या पोराने मित्रांसोबत गुलाल आणला. गाव वाचलं, असं जो तो म्हणत होता. शेठसुद्धा आले, म्हणाले, जाऊ दे, बरं झालं. पोरगा पेढा घेऊन आव्वाच्या दारात गेला. "आव्वा, तुमच्यामुळं टळलं बघा."

आव्वाने पेढा हातात घेतला, पण तोंडात टाकला नाही. "काय टळलं?"

"केंद्र. आता ते दुसरीकडं चाललं."

"कुठं?"

पोराने गावाचं नाव सांगितलं. त्याच तालुक्यातलं, पंचवीस-तीस किलोमीटरवरचं गाव. तिथली ग्रामसभा पुढच्या आठवड्यात होती.

आव्वा म्हणाली, "उद्या ग्रामसेवकाकडनं आपल्या ठरावाची नक्कल आण. शिक्क्याची. पैसे माझ्याकडनं ने."

पोराने नक्कल आणली, पैसे घेतले नाहीत, आणि सभेच्या दिवशी तिच्याबरोबर तोच गेला. एसटीने सोलापूर, तिथून दुसरी एसटी. मंडप तसाच होता. नकाशा तोच, क्लिपांनी टांगलेला, फक्त लाल चौकोन दुसरीकडे सरकलेला. साहेब तेच. त्यांनी आव्वाला ओळखलं, नमस्कार केला, खुर्ची द्यायला सांगितली. पाणी, दवाखाना, शाळा हे सगळं सांगून झालं. भिंत आता आणखी उंच करायचं ठरलं होतं, कारण वळसंगच्या लोकांनी सुरक्षिततेची काळजी बोलून दाखवली होती. हे ऐकून पोराने मान खाली घातली.

हरकती सुरू झाल्या. शेरडं, रस्ता, भाव. आव्वाने हात वर केला.

तिथले सरपंच भले माणूस होते. ते म्हणाले, "आजी, बसा. चहा घ्या. पण तुम्हाला इथं बोलता येणार नाही. ग्रामसभा गावच्या मतदारांची असते. तुमचं नाव आमच्या यादीत नाही."

"माझं नाही," आव्वा म्हणाली. "अन् जे आत येणार, त्यांचं हाय का यादीत?"

सरपंचांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी फाइल मिटून पुन्हा उघडली. नियम सरपंच सांगत होते तोच होता, आणि तो मोडायचा अधिकार दोघांनाही नव्हता. आव्वा वाद घालत बसली नाही. तिने कागद मांडीवर ठेवला आणि तशीच बसून राहिली. तिला चहा आला. तिने घेतला.

साहेब पुढचं बोलायला लागले तेवढ्यात बायकांच्या रांगेतून एक बाई उठून आली. चाळिशीची असेल, पदराला माती लागलेली, शेतातून तशीच आलेली. आव्वाला ती ओळखत नव्हती. तिने आव्वासमोर हात पुढे केला.

"द्या तो कागद. माझं नाव यादीत हाय."

आव्वाने कागद दिला. बाईने तो उलटसुलट करून शिक्का पाहिला, सरपंचांना आपला मतदार क्रमांक मोठ्याने सांगितला, आणि पहिल्या प्रश्नापासून वाचायला सुरुवात केली.